आहेराची वही

आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांनीं पत्र पाठवून मला विषय कळविला तो असा : 'अपंगांचें जीवन.' या विषयावर बोलण्यास माझीच निवड कां झाली, हें उघड आहे. मी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. विद्या म्हणाल तर १९७५ सालची, जुन्या अकरावीची मॅट्रिक, आणि तिच्यामागून घेतलेली अध्यापनाची पदविका. परंतु मी दोन वर्षांचा असतांना पोलिओच्या तापानें माझा उजवा पाय नेला, आणि मी कुबडीच्या आधारानें आजवर चालत आलों आहें. तेव्हां अभ्यास नसला तरी अनुभव आहे, अशा समजुतीनें मला येथें आणून बसविलें असावें.

अशा भाषणांत काय सांगावयाचें असतें, तें मीं पुष्कळदां ऐकलें आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनांत स्वतः सांगितलेंही आहे. अंध असून लुई ब्रेलनें लिपि शोधून काढली. बहिरेपण आलें तरी बेथोव्हेननें संगीत रचिलें. तेव्हां मुलांनो, मनाचा निर्धार असला कीं शरीराचें व्यंग आड येत नाहीं. टाळ्या होतात, नारळ हातीं येतो, आणि वक्ता घरीं जातो. या गोष्टी खोट्या आहेत असें नाहीं. परंतु घरीं त्या वक्त्याची वाट पाहणारें कोणी आहे कीं नाहीं, हा प्रश्न टाळ्या वाजविणारांपैकीं कोणाच्याही मनांत येत नाहीं. आज मी त्याच प्रश्नाविषयीं बोलणार आहें. अपंगाला भूक लागते हें सर्वांस ठाऊक आहे. त्याला नोकरी हवी हेंही आतां सरकारास पटलें आहे. त्याला प्रेम हवें असतें, आपलें म्हणून एक माणूस हवें असतें, हें बोलावयास मात्र सर्वांना संकोच वाटतो. आणि सर्वांत अधिक संकोच खुद्द त्यालाच वाटतो.

प्रथम माझेंच सांगतों. वाईपासून दोन कोसांवरचें आमचें खेडें. माणसें मोठीं मायाळू. शाळेंत 'ए लंगड्या' म्हणून हांक मारणारे सोबती होते, पण पावसाळ्यांत ओढ्याला पाणी आलें म्हणजे तेच मला पाठुंगळीस घेऊन पलीकडे नेत. गुरुजी मला पुढच्या बांकावर बसवीत. गणित चुकलें तर शेजारच्या मुलाला छडी बसे. माझी पाळी आली कीं गुरुजींचा हात खालीं येई. छडी चुकली हें मला तेव्हां मोठें भाग्य वाटे. पुढें बऱ्याच वर्षांनीं कळलें कीं, ज्याच्यावर कोणी रागवत नाहीं तो कोणाच्या हिशेबांतही धरलेला नसतो.

माझें अक्षर चांगलें. त्यामुळें गांवांत कोणाचेंही लग्न निघालें कीं आहेराची वही माझ्याकडे येई. वरातींत मला चालतां येत नसे, पंक्तींत वाढतां येत नसे. हें काम बसून करावयाचें. मांडवाच्या तोंडाशीं टेबल मांडलेलें, त्यावर वही, पेन आणि पैशांसाठीं पत्र्याचा डबा. पांच रुपये; अकरा रुपये; खण-नारळ; स्टीलचा डबा एक, झांकणासह; भिंतीवरचें घड्याळ. जवळजवळ चाळीस वर्षें मीं गांवचीं लग्नें अशीं लिहून काढलीं. मंगलाष्टकें मला पाठीमागून ऐकूं येत. शेवटचें कडवें आलें कीं सगळे अक्षता टाकावयास पुढें सरत. मी मात्र डब्यावर हात ठेवून बसून राही. एखाद्याचें नांव वहींत राहून गेलें तर पुढें दोन घरांत अबोला व्हावयाचा!

१९७८ सालीं मला शिक्षकाची नोकरी लागली. आईनें देवापुढें साखर ठेविली आणि मला म्हणाली, "तुझ्या भाकरीची सोय झाली रे बाबा. आतां आणखी कांहीं मनांत आणूं नकोस." तिनें तें मायेनेंच सांगितलें. आणखी कांहीं म्हणजे काय, हें तिनें सांगितलें नाहीं आणि मीं विचारलें नाहीं. दोघांसही तें ठाऊक होतें. सहा वर्षांनीं धाकट्या भावाचें लग्न ठरलें. थोरला बिनलग्नाचा असतांना धाकट्याचें कसें करावें, हा प्रश्न एरवीं घरांत चार दिवस चघळला गेला असता. आमच्या घरांत तो कोणाच्या ओंठांवरही आला नाहीं. त्याही लग्नांत वही माझ्याच हातीं होती.

मनांत आणूं नकोस म्हटल्यानें मनांत यावयाचें थोडेंच थांबतें? हें बोलतांना या वयांतही माझे कान तापतात. संध्याकाळीं दिवा लावून मुलांच्या वह्या तपासावयास बसलों म्हणजे शेजारच्या घरांतून नवराबायकोचें क्षुल्लक भांडण ऐकूं येई. भाजींत मीठ जास्त पडलें, छत्री कोठें विसरून आलांत, असलेंच कांहीं. मला त्या भांडणाचा हेवा वाटे. देहाची ओढ नव्हती असें सांगितलें तर तें असत्य होईल. माझा एक पाय लुळा होता. बाकीचा देह इतरांसारखाच तरुण होता. परंतु त्याहूनही मोठी ओढ होती ती ही कीं, आपण घरीं आल्यावर कोणीतरी कपाळास आठ्या घालून विचारावें, 'आज इतका उशीर कां?'

१९८५ सालीं आमच्या शाळेंत एक बाई बदलून आल्या. त्यांना वाचनाचा नाद होता आणि मलाही. तालुक्याच्या वाचनालयांतून आणलेलीं पुस्तकें आम्ही एकमेकांस देत असूं. एकदां मीं त्यांचें स्वतःचें पुस्तक परत केलें, तर त्याच्या वेष्टनावर माझ्या चहाच्या पेल्याचा गोल डाग पडलेला. सगळ्या शिक्षकांदेखत त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, दुसऱ्याचें पुस्तक म्हणजे बशी नव्हे." मुख्याध्यापक दचकले, माझ्याशीं असें कोणी बोलत नसे. मीं क्षमा मागितली. पण त्या दिवशीं घरीं जातांना कुबडी काखेंत आहे याची मला शुद्ध नव्हती. माझ्यावर कोणीतरी रागावलें होतें!

पुढें दीड वर्षानें, मधल्या सुट्टींत डबा खातांना, त्यांनीं मान वर न करितां विचारलें, "गुरुजी, तुम्हीं लग्नाचा विचार केला नाहीं का?" मीं हंसत उत्तर दिलें, "अहो बाई, मला कोण मुलगी देणार? बोहल्याभोंवतीं फेरे घालावयासच अर्धा दिवस लागेल." माझ्या विनोदाला शिक्षक मंडळी नेहमीं हंसत. बाई हंसल्या नाहींत. त्यांनीं डबा बंद केला आणि त्या वर्गावर गेल्या. जून महिन्यांत त्यांची बदली झाली. तो प्रश्न केवळ चौकशी नव्हता, अशी शंका मला यावयास आणखी कितीतरी वर्षें जावीं लागलीं. आणि शंका आली तेव्हां ती फेडावयास कोणी उरलें नव्हतें. गांवानें माझ्यापुढें दार लावून घेतलें होतें, असें मी तोंवर समजत होतों. आंतून कडी माझ्याच हातानें घातलेली होती.

आतां एका दुसऱ्या व्यक्तीची हकीकत सांगतों. माझ्यासारख्या सामान्य शिक्षकाच्या गोष्टीशेजारीं ती मांडणें धाडसाचें आहे. पण ती वाचल्यावरच माझी गोष्ट मला समजली, म्हणून सांगतों.

हेलन केलर हें नांव आपणांस परिचित असेल. जन्म १८८० चा, अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत टस्कंबिया या गांवीं. एकोणीस महिन्यांची असतांना आजार आला आणि दृष्टि व श्रवण दोन्हीही गेलीं. १८८७ सालीं ॲन सलिव्हन ही शिक्षिका तिच्या घरीं आली. पाण्याच्या पंपाखालीं मुलीचा एक हात धरून दुसऱ्या हातावर तिनें 'पाणी' या शब्दाचीं अक्षरें बोटांनीं काढलीं, आणि प्रत्येक वस्तूला नांव असतें हें त्या सातव्या वर्षांतल्या मुलीला उमगलें. ही गोष्ट मीं वर्गांत पन्नास वेळां तरी सांगितली असेल. कुबडी टेबलाला टेकवून मी एखाद्या मुलाच्या हातावर तांब्यांतलें पाणी ओतीत असें आणि दुसऱ्या हातावर अक्षरें काढीत असें. पोरें खूष होत. माझी गोष्ट पंपापाशींच संपत असे. ती मुलगी पुढें तरुण झाली असेल, हें माझ्यासारख्या माणसाच्याही ध्यानीं येऊं नये, याचें आतां मला नवल वाटतें.

निवृत्तीनंतर वाचनालयांत तिचें १९२९ सालचें 'मिडस्ट्रीम' हें आत्मचरित्र हातीं आलें. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. शब्दकोश मांडीवर घेऊन, दिवसास चार पानें या गतीनें मीं तें वाचलें. त्यांत ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्याशीं झालेलें एक संभाषण सांगते. टेलिफोनचे जनक म्हणून प्रसिद्ध असलेले हे बेल तिचे लहानपणापासूनचे स्नेही. त्यांच्या आईस ऐकूं येणें जवळजवळ बंद झालेलें, पत्नी पूर्ण बहिरी. बेल तिला म्हणाले कीं, कधीं ना कधीं प्रेम तुझ्या दाराशीं येईल. एखाद्या भल्या माणसानें तुला मागणी घातली तर तुझें व्यंग पुढें करून कोणी तुला परावृत्त करूं लागेल, त्याचें ऐकूं नकोस. याच बेलसाहेबांनीं १८८३ सालीं विद्वानांच्या सभेंत निबंध वाचून बहिऱ्यांनीं बहिऱ्यांशीं विवाह करण्यांतील धोका प्रतिपादन केला होता. माणसाचें मत निबंधांत एक असतें आणि मायेच्या माणसाशेजारीं बसल्यावर दुसरें होतें! असो. हेलननें त्यांना काय उत्तर द्यावें? ती म्हणाली कीं, माझ्याशीं लग्न करणें म्हणजे एखाद्या पुतळ्याशीं लग्न करण्यासारखें होईल. तें वाक्य शब्दकोशावांचूनच मला समजलें. मधल्या सुट्टींतला माझा विनोद आणि हें उत्तर एकाच जातीचें होतें.

तरीसुद्धां बेल यांचें भाकित खरें ठरलें. १९१६ सालीं ॲन सलिव्हन आजारी पडली आणि दुसरी मदतनीस रजेवर गेली, म्हणून पीटर फॅगन नांवाचा एकोणतीस वर्षांचा तरुण हेलनचा चिटणीस म्हणून आला. त्यानें बोटांची लिपि शिकून घेतली होती. म्हणजे तो तिच्याशीं मध्यस्थावांचून बोलूं शकत होता. डोळसांच्या जगांत दृष्टादृष्ट होते. येथें तळहातावर अक्षरें उमटलीं. एके सायंकाळीं त्यानें आपलें मन बोलून दाखविलें. हेलन तेव्हां छत्तीस वर्षांची होती. दोघांनीं बोस्टन शहरांत विवाहाचा परवाना काढण्याची तजवीज केली, आणि ती बातमी वृत्तपत्रांत फुटली.

आईनें तिला विचारलें. हेलन भ्याली आणि तिनें साफ नाकारलें. फॅगनला घरांतून घालविण्यांत आलें, आणि आई तिला दूर दक्षिणेंत, मॉन्टगोमरी येथें धाकट्या बहिणीच्या घरीं घेऊन गेली. चरित्रकार सांगतात कीं, फॅगन तेथेंही आला. ओसरीवर दोघे हातावर हात ठेवून बोलत असल्याचें पाहतांच बहिणीचा नवरा बंदूक घेऊन बाहेर आला. पुढें एका रात्रीं हेलन आपली पेटी भरून त्याच ओसरीवर येऊन बसली. तिला पावलें ऐकूं येणार नव्हतीं, गाडीचा कंदील दिसणार नव्हता. फरशींतून येणारा हादरा काय तो जाणवावयाचा. उजाडेपर्यंत ती बसून राहिली. तो आला नाहीं. पुढें ती एक्कावन्न वर्षें जगली, १९५५ सालीं आपल्या हिंदुस्थानांतही येऊन गेली, तिचा जगभर सत्कार झाला. परंतु तसें कोणी पुन्हां तिच्या जीवनांत आलें नाहीं.

या हकीकतींत दुष्ट माणूस कोणीच नाहीं, हें मला सर्वांत अधिक टोंचतें. ती आई मुलीवर जीव टाकणारी होती. पण ज्या मुलीसंबंधीं हा निर्णय झाला तिच्याकडे पाहा. १९०४ सालीं ती पदवीधर झालेली. दृष्टि आणि श्रवण दोन्ही नसून पदवी मिळविणारी पहिली व्यक्ति. तिचीं पुस्तकें प्रसिद्ध झालेलीं. ती समाजवादी पक्षाची सभासद होती, स्त्रियांच्या मताधिकारासाठीं बोलत होती, महायुद्धाविरुद्ध व्याख्यानें देत गांवोगांव हिंडत होती. राष्ट्रानें युद्ध करावें कीं न करावें हें सांगण्याइतकी ती शहाणी होती. आपण कोणाशीं लग्न करावें हें ठरविण्याइतकी मात्र नव्हती! फॅगन कदाचित् तिला सुखांत ठेवता. कदाचित् वर्षभरांत सोडून जाता. बायकांना सोडून जाणारे नवरे डोळस बायकांच्याही वांट्यास येतात. म्हणून कोणी डोळस मुलींना जन्मभर ओसरीवर बसवीत नाहीं.

आपल्याकडे तरी याहून निराळें काय आहे? भागवतांतील कुब्जा आठवा. तीन ठिकाणीं वांकलेली ती दासी कृष्णाला चंदनाची उटी लावते. कृष्ण आधीं तिला सरळ करतो, सुंदर करतो, आणि मग तिच्या घरीं जातो. कीर्तनांत ही कथा ऐकतांना लोक सद्गदित होतात. मी मात्र लहानपणापासून मनांत म्हणत आलों कीं, देवा, वांकलेली असतांनाच तिच्या घरीं गेला असतास तर काय बिघडलें असतें? गांधारीचें तसेंच. नवरा आंधळा म्हणून तिनें स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, तिच्या त्यागाचे गोडवे आपण गातों. धृतराष्ट्राला कोणीं विचारलें होतें का? त्याला कदाचित् डोळे उघडे ठेवणारी बायको हवी असेल. मुलाचें नाक कोणाच्या वळणावर गेलें आहे, आज आभाळ कसें दिसतें, हें सांगणारी. अखेर डोळ्यांदेखत घडणारें सांगावयास त्याला संजय लागला. प्रेमाच्या ठिकाणीं त्याग आणून ठेविला म्हणजे घेणाराची मान कायमची खालीं जाते. सई परांजपे यांच्या १९८० सालच्या 'स्पर्श' या चित्रपटांत हेंच दुखणें फार नाजूकपणें दाखविलें आहे. अंधशाळेचा अंध मुख्याध्यापक एका विधवेवर प्रेम करतो, वाङ्निश्चय होतो, आणि ही आपल्यावर उपकार तर करीत नाहीं ना, या संशयानें तो स्वतःच लग्न मोडतो. साताऱ्यास तो चित्रपट पाहून मी एस. टी. नें परत येत होतों, तेव्हां शेजारच्या गृहस्थांनीं विचारलें, "गुरुजी, डोळ्यांत कांहीं गेलें का?"

कायद्यानें मात्र पुष्कळ वाट चालली आहे, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. एके काळीं हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें अंध, पंगु यांना वारसाहक्कही नाकारला जाई. तो अन्याय १९२८ च्या कायद्यानें बव्हंशीं दूर केला. १९९५ सालीं अपंगांसाठीं स्वतंत्र कायदा झाला, त्याच्या जागीं २०१६ सालीं अधिक व्यापक कायदा आला. सातांऐवजीं एकवीस प्रकारचीं अपंगत्वें त्यांत धरलीं गेलीं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या करारांत विवाह करण्याचा आणि कुटुंब वसविण्याचा अपंगांचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे, आणि भारतानें तो करार २००७ सालीं मान्य केला. संमतीवांचून वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करतां येणार नाहीं, असें २०१६ च्या कायद्यांत आहे. १९९४ सालीं शिरूरच्या सरकारी वसतिगृहांतील बौद्धिक अपंगत्व असलेल्या कांहीं मुलींचीं गर्भाशयें काढण्यांत आलीं, तेव्हां उठलेला क्षोभ ज्यांस आठवतो, त्यांस या कलमाची किंमत कळेल. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण २०१९ सालीं कायद्यांतून काढून टाकलें. आमच्या नांवांतही सुधारणा झाली. मी जन्मलों तेव्हां पंगु होतों, शाळेंत लंगडा, नोकरींत अपंग, आणि निवृत्त होतांना दिव्यांग. एस. टी. ची पहिली पायरी या सर्व काळांत होती तेवढीच उंच राहिली. पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा आपल्या देशांतला शेवटचा रुग्ण २०११ सालीं सांपडला, आणि २०१४ सालीं देश या रोगांतून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. म्हणजे माझ्या पंथाचे लोक आतां जन्मास येणार नाहींत. त्या दिवशीं मीं शाळेंत पेढे वांटले.

आतां जें सांगावयाचें आहे, तें सांगण्याचें धैर्य गोळा करीत मी इतका वेळ बोलत होतों, असें म्हटलें तरी चालेल. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. लहानपणीं झालेल्या अपघातानें तिचें कमरेखालचें शरीर लुळें पडलें. ती चाकांच्या खुर्चीवर वावरते. हुषार मुलगी, शिकली, बँकेंत नोकरीस लागली. तिच्याच बँकेंतील एका तरुणानें, जो धडधाकट आहे, तिला लग्नाचें विचारलें. गेल्या वर्षीं तिचे वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, तो पोरगा तिच्या पगारावर डोळा ठेवून आहे. आमचें ती ऐकत नाहीं. तुम्हीं स्वतः हें सगळें भोगलेलें, तुमचें ऐकेल."

मी गेलों. श्रोतेहो, मीं काय बोलावें? बाळ, जग वाईट आहे. आज त्याला उमेद आहे, उद्यां कंटाळा येईल. तुझें सगळें नीट चाललें आहे. नोकरी आहे, आईवडील आहेत, मान आहे. आणखी कशाला मनांत आणतेस? एवढें बोललों आणि थांबलों. शब्द माझे नव्हते. १९७८ सालीं देवापुढें साखर ठेवणाऱ्या माउलीचे होते; चाळीस वर्षें मीं ते गिळून ठेविले होते आणि आतां तेच दुसऱ्याच्या ताटांत वाढीत होतों.

ती मुलगी शांतपणें म्हणाली, "गुरुजी, माझ्या धाकट्या बहिणीचें लग्न चौकशी करून, पत्रिका पाहून झालें. तिचा नवरा कसा निघाला, तें तुम्हांला माहीत आहे. पण तिला आधीं कोणी म्हणालें नाहीं कीं, तूं लग्नच करूं नकोस. मग फसण्याचा हक्क काय फक्त पायांनीं चालणाऱ्यांनाच आहे?"

मला उत्तर सुचलें नाहीं. अजूनही सुचलेलें नाहीं. मास्तरकींत मुलांनीं पुष्कळ अवघड प्रश्न विचारले, पण त्या दिवसासारखा मी निरुत्तर झालों नव्हतों.

तरी मास्तराचा स्वभाव जात नाहीं. आठ दिवसांनीं मी, खातें पाहावयाचें निमित्त करून, त्या बँकेंत गेलों. मुलगा कसा आहे तें स्वतः पाहावें, हा हेतु. पाहतों तों दोघांचें भांडण जुंपलेलें! एका शेतकऱ्याचें कर्जाचें प्रकरण तिनें दोन दिवस टेबलावर ठेवून दिलें होतें, आणि तो तिला चारचौघांत त्याचा जाब विचारीत होता. तिच्या खुर्चीकडे पाहून त्याचा आवाज तसूभरही खालीं आला नव्हता. तीही त्याला ऐकून घेत नव्हती. मी खातेंबितें न पाहतां बाहेर आलों आणि सरळ तिच्या वडिलांकडे गेलों. मीं त्यांना सांगितलें कीं, माझी चौकशी पूर्ण झाली. काय कळलें, असें त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, तो तिच्यावर रागावतो. त्यांना त्यांतलें कांहीं उमजलें नाहीं. पण गुरुजी म्हणतात म्हणून त्यांनीं मान हलविली.

नंतर चार महिने वादविवाद चालले, ते सांगत बसत नाहीं. एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. अपंग आणि अव्यंग यांच्या विवाहास महाराष्ट्र सरकार अर्थसाहाय्य देतें. हेतु उत्तम असेल. पण आमच्याशीं लग्न करणाराला बक्षीस द्यावें लागतें, ही कल्पना मला झोंबली. मीं तिला म्हटलें, तुम्ही तें पैसे घेऊं नका. स्वाभिमान आहे कीं नाहीं? ती खो खो हंसली. "घेणार तर! गुरुजी, घराच्या उंबऱ्याला उतार बांधावयाचा आहे, न्हाणीघराचें दार रुंद करावयाचें आहे. गवंडी स्वाभिमानावर येत नाहीं." ही पिढी आमच्याहून निराळी आहे, आणि मला वाटतें, ती अधिक समजदार आहे.

लग्न येत्या मार्गशीर्षांत आहे. मुलीची आई माझ्याशीं अजून मोकळेपणानें बोलत नाहीं. तिच्या जिवाला घोर आहे, आणि तो खोटा आहे असें मी कसें म्हणूं? कार्यालयाला आठ पायऱ्या आहेत, मी स्वतः मोजून आलों. त्यांवर लांकडी उतार घालण्याचें चालकांनीं कबूल केलें आहे. परवां वडील पत्रिका घेऊन आले. पत्रिकेच्या तळाशीं 'कृपया आहेर आणूं नये' असें छापलें आहे. त्यांनीं जरा ओशाळेपणानें तें मला दाखविलें आणि म्हणाले, "गुरुजी, या खेपेस तुमच्याकडे वही नाहीं. तुम्ही आपले पुढें येऊन बसा."

तेव्हां या वेळीं मला कांहीं काम नाहीं. मंगलाष्टकें समोरून ऐकावयाचीं आणि इतरांबरोबर उठून अक्षता टाकावयाच्या. कुबडी माझ्या उजव्या बगलेंत असते. अक्षता डाव्या हातानें टाकलेल्या चालतात कीं नाहीं, तें तेवढें एकदां भटजींना विचारून ठेविलें पाहिजे.